नागपुरात माकली : कुठं घ्यावी, कशी साफ करावी आणि सावजीत चालते का?

पारिजात_नाग
मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेच.

शहरातल्या एका बऱ्यापैकी महाग हॉटेलात 'कॅलामारी रिंग्ज', म्हणजे माकलीच्या (स्क्विडच्या) तळलेल्या चकत्या, मागवल्या होत्या. बिल भरताना जेवढा त्रास झाला, त्याहून जास्त चावताना झाला. वर आमच्या घरचे म्हणतात, "समुद्र इथून आठशे किलोमीटर, आपण आपले झिंगे आणि मरळ खावेत." मला हे पटत नाही. कोकणात मामेबहिणीकडे खाल्लेली माकली इतकी मऊ होती की दुसऱ्यांदा वाढून घेतली होती. म्हणजे दोष माकलीचा नाही, तो कुठंतरी अंतरात किंवा आचेत आहे.

तर प्रश्न असे. नागपुरात चांगली मिळते का? अख्खी घेतली तर साफ कशी करायची? घरी मऊ कशी होईल? आणि ज्यांनी स्वतः पकडली आहे त्यांनी ती गोष्टही सांगावी, मला गळाचीही हौस आहे.

शुद्ध_शाकाहारी
फोटो नसल्यामुळे धागा फाउल धरण्यात आला आहे.

महालचा_भाऊ
ताई, अंतराचं काय घेऊन बसल्या. समृद्धी झाल्यापासून गाडी रात्री निघते अन् सकाळी इथं हजर. 'मंगळवारी' नावाच्या बाजारात जा, भोईपुऱ्यात जा, बर्फातली समुद्राची मासळी रोज दिसते. माकली रोज नाही भेटत, पण सांगून ठेवलं तर आणून देते. 'स्क्विड' म्हणा, लवकर समजते. अन् मोठ्या दुकानात फ्रीजरचं पाकीट तर बाराही महिने राह्यते.

पण मले एक सांगा, ते रिंग-फिंग कायले खाता? सावजी करा ना.

मालवणची_लेक
सावजी?? माकलीला??? देवा नारायणा.

पारिजातताई, मी लग्न होऊन मनीषनगरला आले तेव्हापासून माहेरचं हे एकच खाणं इथं सगळ्यात कमी चुकल्यासारखं वाटतं. बांगडा, तारली, मोरी, यांची मजा किनाऱ्यावरच. इथं येईपर्यंत चव उतरलेली असते. माकलीचं तसं होत नाही. ती गोठवलेली असली तरी चालते. आई तर म्हणायची, फ्रीजरमधून काढलेली जरा जास्तच मऊ पडते.

घेताना काय बघायचं ते सांगते. साल पाहा. ताज्या माकलीच्या अंगावर तपकिरी-जांभळे ठिपके सुटे सुटे, स्पष्ट दिसतात आणि खालचं मांस काचेसारखं किंवा दुधी पांढरं असतं. शिळी होत गेली की ठिपक्यांचा रंग आत झिरपतो आणि मांस गुलाबी पडतं. गुलाबी दिसली की अमोनियासारखा उग्र वास येतोय का ते बघा. आला तर पुढच्या टोपलीकडं जा. कोळीण कितीही "ताजीच हाय गो" म्हणाली तरी.

दुसरं, बर्फाच्या वितळलेल्या पाण्यात पोहत असलेली घेऊ नका. गोडं पाणी पिऊन ती फुगते, पांढरीफटक होते, चव जाते. बर्फावर ठेवलेली असावी, पण पिशवीत.

पारिजात_नाग
वा, हे कामाचं! मालवणची_लेक, पाकिटातली घ्यायची तर?

मालवणची_लेक
पाकिटातल्या साफ केलेल्या नळ्या, म्हणजे माकलीचं पोकळ धड, नवख्या माणसाला सोप्या. फक्त मागचं बारीक अक्षर वाचा. घटकांमध्ये आयएनएस ४५१ दिसलं तर ते फॉस्फेट. ते पाणी धरून ठेवतं, म्हणजे वजन वाढतं, आणि कढईत टाकलं की सगळं पाणी बाहेर. मग तळायचं राहतं बाजूला, माकली आपल्याच पाण्यात उकडते. नुसती माकली आणि फार तर मीठ लिहिलेलं पाकीट शोधा. आणि वजन बर्फाचा थर धरून आहे की सोडून, तेही बघा.

सोडवायची रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. घाई असेल तर पिशवीसकट थंड पाण्यात. नागपूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवून 'सुटेल आपोआप' म्हणू नका, नवतप्यात ओट्यावर काय काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आणि एकदा सुटलेली परत गोठवायची नाही.

रत्नाग्रीकर
आमच्या विषयावर नागपूरकर एवढं बोलतायत, बरं वाटलं.

पकडण्याबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. आधी एक स्पष्ट करू या. बाजारात जी माकली येते ती बहुतेक ट्रॉलरच्या जाळ्यातली. मिरकरवाडा असो की ससून डॉक, टोपल्या भरून उतरते त्यातली गळाची जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. त्यानंतर होड्या बाहेर पडल्या की आवक सुरू होते आणि दिवाळीच्या आगेमागे चांगला माल मिळतो. त्यातही निर्यातीचा भाव बघून मोठी माकली कारखान्यात जाते, लहान आपल्या वाट्याला.

हौसेनं पकडायची तर रात्र. माकली दिवसा खोल असते, अंधार पडला की लहान मासे आणि कोळंबीच्या मागं वर येते. नांगरलेल्या होडीवर दिवा असला की पाण्यात उजेडाचं वर्तुळ पडतं. त्यात आधी बारीक जीव जमतात, त्यांच्यामागं बारके मासे. नवीन माणूस त्या उजेडातच टक लावून बसतो. माकली तिथं नसतेच. ती होडीच्या सावलीत, उजेड आणि अंधार जिथं मिळतात त्या काठावर उभी असते, तिथून झडप घालते. गळ टाकायचा तो त्या काठावर. पौर्णिमेच्या आसपास सगळीकडंच उजेड, मग दिव्याचा जोर राहत नाही.

गळ म्हणजे आपला नेहमीचा गळ नव्हे. कोळंबीच्या आकाराचा, कापड गुंडाळलेला तुकडा असतो, शेपटीकडं सुयांचा मुकुट. जपानी पद्धतीचा, 'एगी' म्हणतात. सुयांना काटा नसतो. साडेतीन नंबरचा साधारण साडेदहा सेंटिमीटर लांब भरतो, सुरुवातीला अडीच किंवा तीन नंबर पुरे. टाकायचा, तळाकडं बुडू द्यायचा, दोन झटके वर, परत बुडू द्यायचा. माकली घेते ती तो खाली पडताना. दोरी अचानक जड वाटते, जणू प्लास्टिकची पिशवी अडकली. तिथं जोरात हिसका मारू नका. तिचे दोन लांब हात तेवढेच लागलेले असतात, तुटून येतात. सुयांना काटा नसल्यामुळं दोरी सैल सोडली की गेलीच. ताणून, संथ, एका वेगानं ओढा.

वर आली की लगेच उचलू नका. पाण्यातच थोडा वेळ ठेवा, शाई तिथंच सोडू द्या. मग जाळीनं घ्या, आणि तिची शाई सोडणारी नळी आपल्या तोंडाकडं नाही हे बघा. होडीवरचे लोक हसतात, शर्टावरचा डाग मात्र जात नाही.

गळवाला
रत्नाग्रीकर, सलाम. पण दिव्याची मासेमारी बंद आहे ना?

रत्नाग्रीकर
बरोबर विचारलंत, लिहायलाच हवं होतं. केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी आणि जनरेटरच्या प्रखर दिव्यांनी मासेमारी करायला बंदी घातली. राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदाही २०२१ मध्ये कडक झाला. कारण साधं आहे, पाण्यात हजारो वॅटचे दिवे सोडून पर्ससीन जाळ्यानं घेरलं की लहानमोठं सगळं उचललं जातं, मग रापण आणि डोल या पारंपरिक जाळीवाल्यांना काय उरणार? हे भांडण आमच्याकडं अजून पेटलेलं आहे आणि मी रापणवाल्यांच्या बाजूचा आहे, लपवत नाही. तेव्हा दिव्याचं मी सांगितलं ते माकली उजेडाशी कशी वागते हे समजावं म्हणून. हौशी माणसानं जेट्टीच्या खांबावरच्या दिव्याखाली उभं राहावं. तिथं सावलीचा काठ आयता मिळतो.

महालचा_भाऊ
मंग आपल्या गोरेवाड्याच्या, अंबाझरीच्या तलावात टाकून पाहू का ते जपानी? रात्री लाइट तर लय आहे फुटाळ्यावर.

प्राणीशास्त्र_निवृत्त
भाऊ, टाका, पण माकली लागणार नाही. हे सगळे शीर्षपाद प्राणी, म्हणजे माकली, समुद्रफेसवाली कवडी माकूळ (कटलफिश), अष्टपाद (ऑक्टोपस), एकजात खाऱ्या पाण्यातले. गोड्या पाण्यात राहणारी एकही जात नाही. अंबाझरीत तो एगी टाकलात तर जलपर्णी लागेल.

आता मालवणच्या लेकीनं खरेदी सांगितली, रत्नाग्रीकरांनी पकडणं सांगितलं, तर साफ करताना आत काय दिसतं ते मी सांगतो. कॉलेजात वर्षानुवर्षं मुलांना हेच दाखवत आलो.

डाव्या हातात नळी धरा. उजव्या हाताची दोन बोटं नळीच्या काठातून आत घाला, आतलं जिथं चिकटलंय ते सोडवा आणि डोकं हळू, सरळ ओढा. आतडी, यकृत सगळं डोक्याबरोबर येतं. त्यातच एक चंदेरी, चमकदार, बोटाच्या पेरापेक्षा बारीक पिशवी दिसते. ती शाईची. ती फुटू द्यायची नसेल तर ओढताना पोट दाबू नका. आता नळीच्या आत, पाठीकडच्या बाजूला बोट फिरवा. पारदर्शक, पिसाच्या आकाराची एक पट्टी लागेल, टोक धरून ओढली की सरकन निघते. ते तिचं कवच, पूर्वजांच्या शिंपल्याचा उरलेला अवशेष. कवडी माकुळीत हीच पट्टी जाड, पांढरी, खडूसारखी असते. इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस म्हणून मिळतो तो तोच. लव्हबर्डच्या पिंजऱ्यातही टांगतात.

आता डोकं. डोळ्यांच्या पुढून, हातांच्या मुळाशी कापा, म्हणजे आठ हात आणि दोन लांब हात एका कड्यात राहतात. त्या कड्याच्या मध्ये बोटांनी दाबलं की पोपटासारखी काळी चोच बाहेर येते, ती टाकून द्या. लांब हातांच्या टोकाला चूषकं असतात, त्यांच्यात दातेरी कडी असतात. खरखरीत लागतात, मीठ लावून बोटांनी घासून काढा. नळीवरची जांभळी साल परांच्या बाजूनं सोलायला घ्या, बहुतेक वेळा अख्खी निघते.

एक गोष्ट नक्की करा. नळी उभी चिरून उघडलीत तर आतल्या पांढऱ्या भिंतीवर, काठाजवळ, दोन्ही बाजूंना एकेक छोटी चांदणी दिसेल. तिच्यातून किरणांसारखे पांढरे धागे पसरलेले असतात. ते मज्जातंतू. त्यातला सर्वांत जाड तंतू एवढा मोठा असतो की नुसत्या डोळ्यांना दिसतो, रुंदी अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या घरात. माणसाचे तंतू याच्या पासंगालाही पुरत नाहीत. धोका दिसला की सगळी नळी एकाच क्षणी आवळली पाहिजे, तरच पाण्याचा झोत बसतो आणि ती पळते, म्हणून संदेश वेगानं नेणारी ही जाड तार. मेंदूचा निरोप विजेच्या रूपात तंतूतून कसा जातो हे हॉजकिन आणि हक्सले यांनी याच तंतूवर काम करून शोधलं, १९५२ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपण तो चिरून कांद्यात परततो, असो.

शुद्ध_शाकाहारी
सर, मी शाकाहारी असूनही चांदणी बघायला बाजारात जाण्याच्या विचारात आहे. तुमच्या वर्गात बसायला हवं होतं.

पारिजात_नाग
वाचनखूण साठवली! सर, हृदयं तीन असतात हे खरं का?

प्राणीशास्त्र_निवृत्त
तीन. दोन कल्ल्यांना रक्त ढकलतात, एक बाकी शरीराला. रक्तात लोहाऐवजी तांबं, त्यामुळं ते निळसर. आणि एवढा सगळा थाट साधारण वर्षभराच्या आयुष्यासाठी.

गोळ्या_वेळेवर
रसभंग करतो, पण कोणीतरी सांगायला हवं. ज्यांना कोळंबी, खेकड्याची अॅलर्जी आहे त्यांनी माकली परस्पर खाऊ नये. दोन्हींत त्याच जातीचं प्रथिन असतं, काहींना यानेही त्रास होतो. कोलेस्टेरॉलवाल्यांनो, १०० ग्रॅम कच्च्या माकलीत साधारण २३० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. प्रथिनं १५-१६ ग्रॅम, चरबी अगदीच कमी. म्हणजे शत्रू नाही, पण रोजचा पाहुणाही नाही. तळलेल्या रिंगांचा हिशोब वेगळा, तिथं तेल मोजा.

मालवणची_लेक
आता मुख्य मुद्दा, मऊ कशी करायची.

आमच्याकडे दोनच रस्ते. एकतर कढई धगधगीत तापवायची, माकली कोरडी टिपून टाकायची, दीड-दोन मिनिटांत उतरवायची. लसूण, मिरी, थोडं लोणी, वरून लिंबू. रिंगा अपारदर्शक पांढऱ्या झाल्या आणि कड जरा वळली की संपलं. किंवा मग मंद आचेवर पाऊण तास. मधलं काही नाही. पाच मिनिटांची, दहा मिनिटांची, पंधरा मिनिटांची माकली म्हणजे सायकलची ट्यूब. पारिजातताईंच्या हॉटेलात हेच झालं असणार. आधी अर्धवट उकडून ठेवलेल्या, मग ऑर्डर आली की परत तळलेल्या.

दोन मिनिटांच्या रस्त्यात कढई गर्दीची करू नका. थोडी थोडी टाका. सगळी एकदम ओतली की तापमान पडतं, पाणी सुटतं, मग पुढचं सगळं त्या पाण्यात.

महालचा_भाऊ
हे झालं ना आता! पाऊण तास मंद आच. म्हणजे सावजी. मी काय म्हणून राह्यलो होतो?

मालवणची_लेक
पाऊण तास आमच्या सुक्यातही लागतो भाऊ. मालवणी मसाला, भाजलेलं खोबरं-कांदा, शेवटी दोन कोकमं. माकलीची गोडी लागते त्यात. तुमच्या सावजीत गोडी सोडा, जीभ तरी जागेवर राहते का? खसखस, दगडफूल, चक्रीफूल, लवंग, मिरी, आणि वर बोटभर तेल.

महालचा_भाऊ
ताई, हे बोलणं आमच्या कोष्टीपुऱ्यात ऐकवू नका. सावजी म्हणजे नुसतं तिखट, हा बाहेरच्यांचा समज. मागावर दिवसभर बसणाऱ्या हलबा कोष्टी लोकांचं जेवण ते, पहिले जवसाच्या तेलात व्हायचं. मसाला आधी भाजून, मग पाट्यावर वाटून लेप केला की तेल सुटेपर्यंत परतायचा, घाई नाही. अन् मुख्य म्हणजे ज्याला वेळ द्याव लागते तेच त्याच्यात पडते. खूर घ्या. तासन् तास शिजते तेव्हा कुठं ओठाला ओठ चिकटतो.

तर मी करून पाह्यली. पाकिटातल्या नळ्या, बोटभर रुंद तुकडे. आडवे नाही, नळी उघडून आतून बारीक चौकटीच्या चिरा मारल्या, मंग तुकडे. शिजल्यावर ते वळतात अन् चिरांत रस्सा भरते. लेप परतून झाला, माकली टाकली, झाकण. तिनं लय पाणी सोडलं, म्हणून वरून पाणी कमीच टाका. मीठ एकदम शेवटी, कारण अर्ध्याच्या आसपास आटते. मधातच एक तुकडा चाखला तर दात टेकत नव्हता, बायको म्हणे "झालं, फेका आता." नाही फेकली. पाऊण तास होता होता सुरी लागायच्या आत सुटाले लागली.

प्राणीशास्त्र_निवृत्त
भाऊ बरोबर बोलतायत आणि त्याला कारण आहे. माकलीच्या नळीत स्नायूंचे थर आडवे-उभे विणलेले आणि त्यांच्यामध्ये कोलॅजेनचे पापुद्रे. ताप साधारण ६० अंशांच्या पुढं गेला की हे पापुद्रे आवळतात, पाणी पिळून टाकतात, म्हणून मधल्या वेळात रबर. ताप तसाच राहिला तर हळूहळू त्याच कोलॅजेनचं जिलेटिन होतं. खुरात होतं तेच, फक्त इथं तासन् तास लागत नाहीत. दोन मिनिटांत उतरवलेली मऊ राहते ती आवळायला वेळच मिळाला नाही म्हणून.

मालवणच्या लेकीला एक सांगतो, राग मानू नका. पापलेट सावजीत टाकलं तर वाया जाईल, दहा मिनिटांत त्याचा चुरा होतो. माकली टिकते. समुद्रातून जे जे नागपुरात येतं त्यात गोठवणं सोसणारी आणि सावजीची आच सोसणारी अशी ही एकटीच. भाऊंच्या कढईला ती शोभते, असं माझं मत झालंय.

मालवणची_लेक
सर, तुम्ही महालात राहता का? 🙂

बरं, करून बघते. पण मसाला निम्मा घालीन. आणि कोकम घालणार, कोणी काही म्हणा.

महालचा_भाऊ
घाला कोकम. आम्ही मोठ्या मनाचे आहोत.

पारिजात_नाग
कुकरमध्ये चालेल का? पाऊण तास गॅस म्हणजे…

मालवणची_लेक
चालेल. एक शिट्टी, मग मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, वाफ आपोआप जाऊ द्या. उघडून रस्सा आटवा. रस्सा कढईत आटवलेलाच चांगला लागतो, तेवढं करा.

भरलेल्या माकलीचंही लिहून ठेवते, पाहुण्यांसाठी. हात आणि पर बारीक चिरून कांदा, आलं, मिरची, ओलं खोबरं, थोड्या कोळंबीबरोबर परता. हे सारण नळीत दोन तृतीयांशच भरा. नळी आकसते, ठासून भरली तर फुटते किंवा सारण बाहेर ढकलते. तोंड टूथपिकनं शिवा, टोकाला बारीक भोक पाडा, वाफ जायला. मग मंद रश्श्यात. शाईची पिशवी शाबूत निघाली असेल तर इटली, स्पेनमध्ये तिच्यात काळा भात करतात. सावजी रस्सा मुळात काळसर, त्यात घातली तर कोणाला कळणारही नाही.

गळवाला
एक अवांतर, पण धागाकर्तीला गळाची हौस आहे म्हणून धाडस करतो. आम्ही काही नागपूरकर कोकणात गळ टाकायला जातो. इथं आमचं आमिष म्हणजे रोहूला कणकेचा गोळा, मरळीला जिवंत बेडूक, वाम-मांगूरला गांडूळ. तोतलाडोहसारख्या पेंचच्या जंगलातल्या पाण्यात कोणी टाकत असेल तर टाकू नका, तिथं मासेमारीला मनाई आहे. बाकी तलाव बहुतेक सहकारी संस्थांच्या ठेक्यात असतात, विचारून बसा.

प्रश्न असा की तिकडं सगळे आमिषाला माकली लावतात. आम्ही लावली तर पाण्यात गरगर फिरून दोरीला पीळ बसतो, मासा तोंड लावत नाही. काय चुकतं? आणि इथून नेता येते का?

रत्नाग्रीकर
पट्टी कापायची पद्धत बघा. आमिषासाठी साल काढायची नाही, रंग आणि वास तिच्यातच. नळी चिरून सपाट करा. टोकाकडून काठाकडं, लांबीच्या दिशेनं, वीतभर लांब, बोटभर रुंद पट्टी काढा, एक टोक निमुळतं. गळ रुंद टोकातून एकदा घालून पलटून परत एकदा घाला, टोक मोकळं बाहेर ठेवा. पट्टी सरळ लोंबली पाहिजे. मध्येच गोळा करून टोचली की प्रवाहात पंख्यासारखी फिरते, तुमचा पीळ तिथूनच. निमुळतं टोक तळाशी हलत राहतं, मासा त्याला धरतो.

माकलीचा खरा फायदा चिवटपणा. कोळंबी लावली तर बारके मासे टोचून टोचून दोन मिनिटांत गळ रिकामा करतात. माकलीची पट्टी टिकते. शिंगाळा, तांब, हेकरू, सगळे घेतात. मोठ्या हेकरूला अख्खं डोकं लावा, हातांसकट, गळ दोन्ही डोळ्यांच्या मधून.

नागपूरहून आणायची गरज नाही, इथं स्वस्त पडते. तरी आणायचीच तर पट्ट्या कापून पाणी निथळू द्या. डब्यात जाड मिठाचा थर, पट्ट्या, परत मीठ. रात्रभरात पाणी सुटेल, ते ओता, पुन्हा मीठ. पट्टी चामड्यासारखी घट्ट होते आणि गळावर आणखी टिकते. फ्रीजमध्ये काही आठवडे राहते. डब्यावर मोठ्या अक्षरात 'आमिष' लिहा.

गळवाला
डब्यावर लिहायचं का? वास येईलच की.

रत्नाग्रीकर
मीठ लावलेल्याला येत नाही फारसा. आमच्या शेजाऱ्यांनी सुकट समजून भाजली होती.

शुद्ध_शाकाहारी
मांगूरला तलावात चालेल का माकली? उगाच विचारतोय.

गळवाला
चालेल, मांगूर, पढन वास असलेलं काहीही ओढतात. पण कोंबडीचं काळीज तेच काम कितीतरी कमी पैशात करतं. तलावावर माकली लावणारा माणूस एकतर श्रीमंत किंवा नुकताच कोकणातून परतलेला.

पारिजात_नाग
'मंगळवारी'च्या बाजारातून अख्खी आणली! सांगून ठेवली होती, दोन दिवसांनी आली. साल सुटी, ठिपके स्पष्ट, वास नुसता समुद्राचा. डोकं ओढलं, चंदेरी पिशवी न फुटता आली. सर, चांदणी दिसली. मुलानं भिंगातून बघितली, मग त्याला ते शिजवू द्यायचं नव्हतं. साफ केल्यावर वजन साधारण दोन तृतीयांश राहिलं.

अर्धी लसणात, दोन मिनिटांत. अर्धी सावजी, कोकम घालून (महालचा_भाऊ, माफ करा). घरचे म्हणाले, मरळ बरी होती, पण सावजीचा टोप पुसून खाल्ला. फोटो काढलेत, रात्री चढवते.

एकच शंका राहिली. शाईची पिशवी फ्रीजरमध्ये टाकली आहे. किती दिवस चालेल?

मालवणची_लेक
छोट्या डबीत चमचाभर मीठ-पाण्यात घालून गोठवली असेल तर महिनाभर आरामात. वापरताना पिशवी चाळणीत फोडून गाळून घ्या. आणि ओटा ग्रॅनाइटचा असेल तर चिंता नाही, पांढरी टाइल असेल तर आधी वर्तमानपत्र अंथरा.

शुद्ध_शाकाहारी
फोटोची वाट बघतोय. फाउल तूर्तास मागे.